तोंड आहे ना त्याला, मग पोटाला भोक कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा साडेचार वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं), मान धरत नाही, वजन साडेनऊ किलो. एकेक जेवण भरवायला दीड तास, दोन घास झाले की ठसका, वर्षभरात तीनदा न्युमोनियासाठी ॲडमिट. डॉक्टरांनी पोटातून पेग ट्यूब, म्हणजे पोटाच्या कातडीतून थेट जठरात अन्न नेणारी नळी, घालायला सांगितलीय. सासूबाई म्हणतात तोंड आहे ना त्याला, मग पोटाला भोक कशाला. आणि आई विचारतेय की खरंच गरज आहे का, आणि घातली तर मला घरी जमेल का.

ताई, मी बावीस वर्षं लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात सिस्टर आहे, त्यातली बरीच वर्षं या नळ्यांच्याच मुलांमागे गेलीत. ऑपरेशन डॉक्टर करतात, पण घरी जायच्या आधी आईला शिकवणं आणि नंतर रात्री-अपरात्री येणारे फोन घेणं हे आमच्याकडे असतं, त्यामुळे मी त्याच बाजूने सांगते.

आधी गरजेचं. दीड तास एका जेवणाला, दिवसाला चार वेळा, म्हणजे सहा तास तुम्ही फक्त भरवताय. आणि त्यातलं किती पोटात जातं, किती लाळेरीवर आणि किती श्वासनळीत, ते तुम्हाला दिसत नाही. ठसका लागतो ती मुलं तरी सांगतात हो, काही मुलांना अन्न फुफ्फुसात जाताना खोकलासुद्धा येत नाही, ते जास्त वाईट. वर्षात तीन न्युमोनिया आणि साडेचार वर्षांच्या मुलाचं साडेनऊ किलो, हे दोन्ही एकत्र असताना डॉक्टर नळीचं बोलले तर ते घाई करताहेत असं मला वाटत नाही. त्यांनी गिळण्याची तपासणी केलीय का ते विचारा, बेरियम मिसळलेलं पाजून एक्स-रेवर चालत्या चित्रात बघतात घास कुठे जातो ते. सगळीकडे ही सोय नसते, पण जिथे असेल तिथे करून घ्या, कारण तोंडाने थोडं काही देता येईल का, आणि ते घट्ट द्यायचं की पातळ, हेही त्यातूनच कळतं.

नाकातल्या नळीवर चालवू असं बरेच जण म्हणतात. नाकातली नळी चांगलीच आहे, पण थोड्या दिवसांसाठी. साधारण चार ते सहा आठवड्यांपेक्षा जास्त लागणार असं दिसलं की पोटातल्या नळीचा विचार करायचा असतो. आपल्याकडे वर्ष-दोन वर्षं नाकात नळी असलेली मुलं मी पाहिलीत, गालावर चिकटपट्टीने कातडं सोललेलं, दर वेळी नळी बदलताना चार जणांनी धरायचं, आणि पोराने शिंकताना किंवा हात मारताना नळी अर्धी बाहेर आली तर ती पोटात आहे की श्वासनळीत याची धास्ती प्रत्येक फीडला. शिवाय घशात सतत काहीतरी अडकलेलं असतं ना, मग जे थोडंफार गिळत असतं ते पण गिळायचं सोडून देतं पोर.

सासूबाईंना सांगा की ही पेगची पद्धत मुळात लहान मुलासाठीच निघालीय. १९७९ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला मायकेल गॉडरर हे मुलांचे सर्जन आणि जेफ्री पॉन्स्की हे दुर्बिणवाले, या दोघांनी पहिल्यांदा केली ती साडेचार महिन्यांच्या बाळावर. त्याआधी नळी घालायची तर पोट उघडावं लागायचं, आजारी अशक्त पोरांना तेच झेपायचं नाही. यांनी काय केलं, तोंडातून दुर्बीण पोटात नेली, दुर्बिणीचा उजेड पोटाच्या कातडीतून लाल दिव्यासारखा दिसतो, तिथे बाहेरून बोट दाबलं की आतल्या कॅमेऱ्यात तो दाब दिसतो, म्हणजे मध्ये आतडं वगैरे नाही. मग तिथून सुई, सुईतून दोरा आत, दोरा तोंडावाटे बाहेर काढायचा, त्याला नळी बांधायची आणि पोटाकडून ओढून घ्यायची. आजही बहुतेक ठिकाणी असंच करतात. मुलांमध्ये भूल देऊनच करतात, जखम म्हणाल तर करंगळी जाणार नाही एवढी. चौदा नंबरची नळी म्हणजे बाहेरून पावणेपाच मिलीमीटर सुद्धा नाही, तीन नंबरला एक मिलीमीटर असा हिशोब असतो तो.

आता एक गोष्ट मी नेहमी आधीच सांगते, कारण नंतर आईवडील फसवल्यासारखे होतात. पेग घातल्यावर न्युमोनिया होणारच नाही असं नसतं. तोंडातून जाणारं अन्न थांबेल, पण पोराची स्वतःची लाळ आहे, आणि पोटातलं उलटून वर येणं आहे. तुमच्या मुलाला उलटीचा, आंबट पाणी वर येण्याचा त्रास किती आहे हे सर्जनला नीट सांगा, खूप असेल तर पोटाच्या वरच्या तोंडाला टाके घालून घडी करतात, त्याला फंडोप्लिकेशन म्हणतात, ते सोबत करायचं का हे त्यांनी ठरवायचं. सगळ्यांना लागत नाही ते.

नळी घातल्यावर काही तासांतच थोडं थोडं फीड सुरू होतं, आणि दोन-चार दिवसांत घरी सोडतात. घरी गेल्यावरचे पहिले दिवस भीतीचे असतात, नळीला हात लावायला आईचे हात थरथरतात, मग सवय होते. रोज साबण-पाण्याने हळू पुसायचं, कोरडं करायचं, बस. बीटाडिन, हळद, पावडर, खोबरेल काही नको. बाहेरची चकती कातडीला घट्ट रुतवून ठेवायची नाही, दोन मिलीमीटर ते अर्धा सेंटीमीटर जागा हवी. आणि साधारण आठवड्यानंतर, पण तुमच्या डॉक्टरांनी सांगितल्यावरच, नळी सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर आत ढकलून गोल फिरवून परत जागेवर आणायची, कारण नाहीतर नळीला पोटात धरून ठेवणारी आतली टोपी पोटाच्या भिंतीत हळूहळू गाडली जाते. हे दिसत नाही, दुखतही नाही आधी, एक दिवस फीड जायचं बंद होतं आणि नळी जागची हलत नाही तेव्हा कळतं. (नळीचं टोक पुढे लहान आतड्यात नेलेलं असेल तर ती मात्र गोल फिरवायची नाही.)

काही महिन्यांनी पेग काढून बटन बसवतात. कातडीच्या बरोबरीने छोटंसं झाकण असतं, शर्टाखाली कळत पण नाही. हेसुद्धा गॉडररनीच १९८४ साली आणलं. बटन आत धरून ठेवायला पाण्याचा फुगा असतो. दर आठवड्याला एकदा सिरिंज लावून फुग्यातलं पाणी काढून मोजायचं, पाच मिली भरलेलं असेल आणि साडेचार आलं तर ठीक, पुन्हा पाच भरायचं. तीनच आलं, पुढच्या आठवड्यात परत तीनच, तर फुगा झिरपतोय, बदलायची वेळ झाली. हे करताना दुसऱ्या हाताने बटन धरून ठेवायचं नाहीतर तेच बाहेर येईल. फुग्यात डिस्टिल्ड वॉटर, सलाईन नको कारण मीठ साचून वाल्व जाम होतो, हवा तर नकोच. साधारण तीन ते सहा महिन्यांत बटन बदलावं लागतं, हा खर्च सुरुवातीलाच धरून ठेवा, तो एकदाचा नसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, नळी बाहेर आली तर.

बरीच वर्षं झाली, मी तेव्हा जिथे होते तिथून एक तीन वर्षांची मुलगी बटन बसवून घरी गेली. गाव दोन अडीच तासांवर. आम्ही फीड शिकवलं, साफसफाई शिकवली, आणि बटन निघालं तर लगेच या एवढंच सांगितलं. रात्री अकराला फुगा फुटला आणि कपडे बदलताना बटन हातात आलं. एसटी सकाळी सहाला. ते पोचले नऊ वाजता, मी भोक बघितलं तर वरून ओलसर लाल ठिपका राहिला होता फक्त, सहा नंबरची बारीक नळी पण गेली नाही. त्या मुलीला परत भूल, परत सगळं. आईने एकच विचारलं, सिस्टर मी रात्रीच काही करायला हवं होतं का. करायला हवं होतं, आणि ते सांगायचं काम आमचं होतं. तेव्हापासून माझ्याकडून एकही मूल घरी जाताना हाताशी त्याच नंबरचा आणि एक नंबर खालचा फोलीज कॅथेटर (लघवीसाठी वापरतात ती टोकाला फुगा असलेली नळी), जेलीची ट्यूब, चिकटपट्टी आणि सिरिंज असं पाकीट घेतल्याशिवाय जात नाही, आणि आईने एकदा माझ्यासमोर ते हाताळल्याशिवाय तर नाहीच.

कारण हे भोक म्हणजे कान टोचल्यासारखं आहे, काडी काढली की बुजायला लागतं, फक्त कानाला दिवस लागतात आणि याला तास. दोन-चार तासांत आत आकसायला लागतं. म्हणून भोक जुनं असेल, म्हणजे ऑपरेशन होऊन दोन-तीन महिने उलटलेले असतील आणि तुम्हाला शिकवलेलं असेल, तर तेच बटन धुऊन किंवा फोलीज जेली लावून अलगद तीन-चार सेंटीमीटर आत सरकवायचा, पट्टीने पोटाला चिकटवायचा, आणि हॉस्पिटल गाठायचं. जोर लावायचा नाही. अडलं तर थांबायचं, एक नंबर खालचा बघायचा. आणि नळी पोटातच आहे याची हॉस्पिटलात खात्री होईपर्यंत त्यातून एक थेंबही द्यायचा नाही, पाणी सुद्धा नाही, औषध सुद्धा नाही. फिटचं औषध चुकतंय म्हणून घाबरून दिलं असं होतं, म्हणून सांगते, त्याची सोय हॉस्पिटलात होते.

पण भोक नवीन असेल, पहिल्या सहा-आठ आठवड्यांतलं, तर घरी काहीही घालायचं नाही. तेव्हा पोट अजून आतून भिंतीला नीट चिकटलेलं नसतं, आपण ढकललेली नळी जठरात न जाता त्याच्या बाहेरच्या पोकळीत जाते. स्वच्छ कापड ठेवायचं आणि सरळ निघायचं.

फोलीजवरून आणखी एक. गावाकडे बटन मिळत नाही म्हणून महिनोन्‌महिने फोलीजवरच फीड चालू असलेली मुलं येतात. चालतं, नाईलाज असतो, पण फोलीजला बाहेर चकती नसते, त्यामुळे तो आत आत सरकतो आणि त्याचा फुगा जठर जिथे आतड्यात उघडतं त्या तोंडाशी जाऊन बसतो. मग पोर प्रत्येक फीडनंतर ओकायला लागतं, नळीतून हिरवं येतं, आणि घरचे पोटाचा विकार समजून औषधं देत राहतात. कातडीपाशी फोलीजवर मार्करने काळी रेघ मारून ठेवा आणि रोज ती रेघ दिसतेय ना बघा. रेघ आत गेलेली दिसली की हळू बाहेर ओढायचा, अडेपर्यंत.

खाण्याचं. इथे मला जरा जास्त बोलायचंय.

आपल्याकडे नळी म्हटलं की डाळीचं पाणी, भाताची पेज, नारळपाणी. घरात सगळे प्रेमाने देतात आणि मूल उपाशी राहतं. पोट भरलेलं दिसतं, लघवी भरपूर होते, वजन महिनोन्‌महिने तिथेच. नळीत अडकू नये म्हणून पातळ करत करत शेवटी नुसतं पाणीच जातं पोटात. दुधात शंभर मिलीला साठ-पासष्ट कॅलरी तरी असतात, डाळीच्या वरच्या पाण्यात त्याच्या जवळपास पण काही नसतं. डाळ द्यायची तर अख्खी शिजवून मिक्सरला फिरवून, वर तूप किंवा तेल घालून द्या, एक छोटा चमचा तूप म्हणजे पंचेचाळीस कॅलरी आणि त्याने आकारमान वाढत नाही.

आणि घट्टपणाला आपल्याकडे फार जुना उपाय आहे, मोड आलेली नाचणी. नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, सावलीत वाळवून, जरा गरम करून दळायची. मोड आल्यावर त्यात एक एन्झाइम तयार होतं, अमायलेज, ते पिठूळ गोष्टीतला स्टार्च तोडतं. नाचणीची किंवा भाताची दाट खीर शिजवा, चमचा उभा राहील अशी, आणि कोमट झाल्यावर त्यात हे मोडाचं पीठ छोटा चमचाभर घालून ढवळत रहा, डोळ्यांदेखत ती ओतण्यासारखी पातळ होते, पाणी न घालता. मग पुन्हा एकदा उकळी आणून गाळायची. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात १९८० च्या दशकात लहान मुलांच्या खाण्यासाठी यावर चांगलं काम झालंय. एन्झाइम उकळत्यात मरतं, म्हणून आधी कोमट आणि मग उकळी, हा क्रम चुकवू नका.

घरचं अन्न द्यायचं तर नळी चौदा नंबरची तरी असलेली बरी, बारीक असेल तर सतत तुंबते. मिक्सरमधून काढून बारीक गाळणीतून गाळायचं, चोथा गाळणीवर राहिला पाहिजे. केलेलं फीड बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नाही, उन्हाळ्यात विदर्भात वगैरे असाल तर त्याहून कमी, बाकी फ्रीजमध्ये, आणि चोवीस तासांनी टाकून द्यायचं. किती मिली आणि किती वेळा हे मात्र डाएटिशियनकडून घ्या, मी इथे आकडा देणार नाही, कारण मुलामुलात फार फरक असतो, आणि अंथरुणावरच्या मुलांना कॅलरी कमी लागतात, नळी लागल्यावर वर्षभरात वजन भलतंच वाढून आईला उचलेनासं झालेलं मूल पण मी पाहिलंय.

देताना मांडीवर किंवा उशीवर अर्धं बसवायचं, आडवं ठेवून नाही. दट्ट्या काढलेली साठ मिलीची सिरिंज नळीला लावायची, पोटापासून वीतभर वर धरायची आणि आपोआप उतरू द्यायचं, वीस-तीस मिनिटं तरी लागू देत. दट्ट्याने भसाभस ढकललं की उलटी ठरलेली. आधी आणि नंतर कोमट पाणी, पाच-दहा मिली. झाल्यावर अर्धा-पाऊण तास तसंच बसवून ठेवा. पोट टम्म वाटलं तर सिरिंज लावून नळी उघडी ठेवा, हवा निघून जाते, आपण ढेकर काढतो तसंच.

औषधं फीडमध्ये कालवायची नाहीत. एकेक वेगळं, मध्ये पाणी. फिटच्या ज्या गोळ्या हळूहळू सुटणाऱ्या असतात, नावापुढे क्रोनो किंवा एसआर लिहिलेलं असतं, त्या कुटायच्या नाहीत, डॉक्टरांना सांगून सिरप करून घ्या. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमधले बारीक मणी नळीत जाऊन सिमेंटसारखे बसतात. तुंबली तर कोमट पाणी, छोट्या सिरिंजने नाही, मोठ्याच सिरिंजने हळू ढकल-ओढ, पंधरा मिनिटं थांबून परत. तार, सुई, झाडूची काडी हे प्रकार मी पाहिलेत, कृपा करून नको.

भोकाभोवती डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल ओलसर मांस वाढतं, हात लागला की रक्त येतं, आया घाबरतात. ते धोक्याचं नाही, जवळपास निम्म्या मुलांना कधी ना कधी होतंच असं माझ्या वॉर्डातलं चित्र आहे. नळी जास्त हलत असेल तर नीट बांधा आणि डॉक्टरांना दाखवा, काही दिवसांच्या मलमाने किंवा सिल्व्हर नायट्रेट लावून बसतं. बाजूने गळत असेल तर आधी फुग्यातलं पाणी मोजा, लगेच मोठ्या नंबरची नळी घालू नका, भोक मोठं होतं आणि गळणं परत सुरू.

पण फीड देताना पोर कळवळून रडलं, ताप आला, पोट फुगून कडक झालं, किंवा नळीभोवतालची लाली पसरत चालली, तर फीड तिथेच बंद आणि हॉस्पिटल, सकाळची वाट बघायची नाही. आणि नळी बदलल्यानंतर लगेच फीड दिलं की तसंच्या तसं जुलाबातून बाहेर येत असेल तर तेही त्याच दिवशी सांगा, क्वचित नळी मोठ्या आतड्यात गेलेली असते.

आता सासूबाई. त्यांचं चुकत नाहीये हो. भरवणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने माया आहे, आणि ती नळीने जाणार असं त्यांना वाटतंय. आमच्याकडे कराडकडची एक आजी होती, सुरुवातीला वॉर्डात नातवाकडे पाठ करून बसायची, फीडची वेळ झाली की उठून बाहेर जायची. नंतर एकदा फॉलोअपला आले तेव्हा आईने सांगितलं की आता संध्याकाळचं फीड आजीच देतात, भिंतीला खिळा ठोकून त्यावर सिरिंज अडकवतात आणि उतरेपर्यंत अभंग म्हणतात. वजन केलं, पाच महिन्यांत दोन किलो तीनशे वाढलं होतं, आजीने मला दोनदा काटा बघायला लावला.

तोंड बंद करायचं नाहीये कुणी. गिळण्याच्या तपासणीनंतर स्पीच थेरपिस्टने हो म्हटलं तर बोटाला लावून आमटी, श्रीखंड, आंब्याचा रस जिभेवर फिरवू देत आजीला, पोटात फीड चालू असतानाच द्या म्हणजे चव आणि पोट भरणं याचा मेळ मुलाला लागतो. तोंडाने काही खात नसलं तरी दोन वेळा दात घासायचेच, उलट जास्त गरज आहे, घाण तोंडातली लाळच फुफ्फुसात जाते. आणि ही नळी जन्माची म्हणून नसते, गरज संपली की काढतात, बहुतेकांचं भोक आठवड्या-दोन आठवड्यांत आपलं आपण बुजतं, फार वर्षं राहिली असेल तर कधी टाका घालावा लागतो.

पैशाचं विचारलं नाहीत पण सांगते, सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंतची, काढली नसेल तर काढा. हॉस्पिटलात समाजसेवा अधीक्षक असतात त्यांना ऑपरेशनच्या आधी भेटा, नंतर नाही.

घरी सोडताना डिस्चार्ज कार्डावर पाच गोष्टी लिहून घेतल्याशिवाय उठू नका. नळीचा प्रकार, नंबर, बटन असेल तर त्याची लांबी सेंटीमीटरमध्ये, फुग्यात पाणी किती मिली, आणि घातल्याची तारीख. त्या पानाचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये ठेवा, मुलाच्या बाबांच्या मोबाईलमध्ये ठेवा आणि सासूबाईंच्याही.